चारच्या जागी पाच

आमच्या ऑफिसात एक मिझुरीवाला आहे. पंचावन्नच्या आसपास वय, स्वभावाने एकदम शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्यासमोर 'कोलोराडो' म्हटलं की चेहरा बदलतो. आधी मला वाटायचं काहीतरी घरगुती मामला असेल, तिकडच्या कुणाशी फाटलं असेल वगैरे. मग एकदा जेवताना कुणीतरी १९९० च्या कॉलेज फुटबॉलचा विषय काढला आणि या माणसाने हातातलं सँडविच खाली ठेवलं, उजव्या हाताची पाच बोटं माझ्या नाकासमोर धरली आणि विचारलं, किती? म्हटलं पाच. म्हणाला, बरोबर, तुला मोजता येतं, त्या दिवशी पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घालून इतके रेफ्री मैदानात उभे होते त्यातल्या एकालाही आलं नाही.

त्या रात्री घरी येऊन ती मॅच शोधून बघितली आणि मग मी या १९९० च्या सीझनमध्ये जो घुसलो तो महिनाभर बाहेर आलोच नाही. नॅशनल चॅम्पियन कोण यावर अजून वाद घालणारे लोक आहेत आणि दोन्हीकडच्यांचं बरंचसं खरं आहे, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

ज्यांना अमेरिकन फुटबॉलचा गंध नाही त्यांच्यासाठी एवढंच. बॉल हातात असलेल्या टीमला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्या प्रयत्नाला डाउन म्हणतात. चारात जमलं नाही तर बॉल समोरच्याला. गोललाइन दहा यार्डांच्या आत आली की मग सरळ गोललाइनच गाठायची, चारच प्रयत्नांत. बॉल गोललाइनपलीकडे नेला की टचडाउन, सहा पॉइंट. कितवा डाउन चालू आहे ते दाखवायला मैदानाच्या कडेला एक माणूस काठी घेऊन उभा असतो आणि त्या काठीच्या डोक्यावर आकडा पालटता येतो, एक दोन तीन चार. एवढं साधं काम आहे ते. आणखी एक गोष्ट, घड्याळ पळतंय आणि टाइमआउट उरले नाहीत तर क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणारा खेळाडू, बॉल हातात आल्या आल्या जमिनीवर आपटतो, त्याने घड्याळ थांबतं पण एक डाउन खर्ची पडतो. हे आपटणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि दुसरी गंमत म्हणजे तेव्हा कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर फायनल हा प्रकारच नव्हता. खरंच नव्हता. इतर खेळांचे चॅम्पियन ठरवणारी एनसीएए ही संस्था इथे हात वर करून बसायची. सीझन संपला की १ जानेवारीच्या आसपास बोल मॅचेस व्हायच्या, कोण कुठल्या बोलमध्ये जाणार ते जुने करारमदार आणि आमंत्रणं यावर ठरायचं, त्यामुळे एक नंबर आणि दोन नंबर समोरासमोर येतीलच असं काही नाही. मग मतदान. एक मतदान पत्रकारांचं, ते एपी ही वृत्तसंस्था घ्यायची, आणि एक कोच लोकांचं, ते यूपीआय ही दुसरी वृत्तसंस्था घ्यायची. दोन्हीकडे एकच नाव आलं तर ठीक, नाही आलं तर दोन चॅम्पियन. बरं, मॅच बरोबरीत सुटली तर सुटली, ओव्हरटाइम १९९६ मध्ये आला. म्हणून त्या काळच्या रेकॉर्डमध्ये जिंकले, हरले आणि बरोबरी असे तीन आकडे असतात.

आता १९९० चा सीझन. एक नंबरची खुर्ची, म्हणजे दर आठवड्याच्या मतदानातला पहिला नंबर, त्या वर्षी शापित होती म्हणा. मायामी पहिल्या नंबरवरून सुरू झाली आणि पहिल्याच मॅचला ब्रिगहॅम यंगने त्यांना २८-२१ ने घरी पाठवलं. मग नोटर डेम एक नंबर, त्यांना त्यांच्याच मैदानावर स्टॅनफर्डने हरवलं ३६-३१. मग मिशिगन, तर त्यांना मिशिगन स्टेटने २८-२७ ने, तेही टचडाउननंतरच्या दोन जादा पॉइंटच्या शेवटच्या प्रयत्नात मिशिगनचा डेस्मंड हॉवर्ड पाय अडकून पडला आणि रेफ्रीने फाउलचा फ्लॅग टाकलाच नाही. (मिशिगनवाले यावरही अजून रडतात पण तो वेगळा ब्लॉग होईल.) मग व्हर्जिनिया, ज्यांनी आयुष्यात कधी एक नंबर बघितला नव्हता. तेही पडले, कसे ते पुढे सांगतो. मग परत नोटर डेम, आणि परत पडले, या वेळी पेन स्टेटकडून २४-२१. म्हणजे नोव्हेंबर अर्धा संपला तरी धड कुणी टिकत नव्हतं.

या सगळ्यात कोलोराडो कुठे होती? तर सुरुवातीलाच गाळात. त्यांची आदल्या वर्षाची कथा फार दुःखाची आहे, १९८९ मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक साल औनीसी कॅन्सरने गेला, टीम त्याच्यासाठी खेळत अकराच्या अकरा मॅच जिंकली आणि मग ऑरेंज बोलमध्ये नोटर डेमने २१-६ ने सगळं संपवलं. कोच बिल मॅकार्टनी १९८२ मध्ये आला होता, १९८४ मध्ये त्याची टीम फक्त एक मॅच जिंकली होती आणि दहा हरली होती, त्यातून त्याने इथवर आणली होती. त्यामुळे १९९० मध्ये सगळे म्हणत होते की या वर्षी यांचं नक्की. आणि पहिली मॅच टेनेसीबरोबर ३१-३१ बरोबरी. दुसरी स्टॅनफर्डशी, ती १२ सेकंद उरले असताना कशीबशी २१-१७ जिंकली. तिसरी इलिनॉयकडून २२-२३ हरली. तीन मॅच, एक विजय, एक पराभव, एक बरोबरी. इथे कुणीही म्हटलं असतं की संपलं यांचं. मग टेक्ससला ऑस्टिनमध्ये जाऊन २९-२२ ने हरवलं, वॉशिंग्टनला २०-१४ ने. कुठलीच मॅच आरामात नाही, आणि समोरचे सगळे तगडे. हे मी मुद्दाम सांगतोय कारण कोलोराडोच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच असतो, की आम्ही कुणाकुणाशी खेळलो ते बघा.

आणि मग ६ ऑक्टोबर १९९०. योगायोग बघा, त्याच दिवशी तिकडे स्टॅनफर्ड नोटर डेमला हरवत होती आणि इकडे मिझुरीत कोलंबिया नावाच्या गावी फरो फील्डवर हे चालू होतं. मिझुरीची टीम त्या वर्षी काही ग्रेट नव्हती, सीझनअखेर त्यांच्या चार जिती आणि सात हारी झाल्या. कोलोराडोचा नेहमीचा क्वार्टरबॅक डॅरियन हेगन जखमी, त्याच्या जागी चार्ल्स जॉन्सन. मैदानाला ऑम्नीटर्फ नावाची कृत्रिम हिरवळ, त्यात वाळू घातलेली, आणि त्यावर माणसं घसरत होती. शेवटची अडीचेक मिनिटं उरली असताना मिझुरीने टचडाउन मारून ३१-२७ केलं. म्हणजे कोलोराडोला फील्ड गोलचे, म्हणजे किक मारून मिळणारे, तीन पॉइंट उपयोगाचे नाहीत, टचडाउनच पाहिजे आणि जवळजवळ सगळं मैदान पार करायचंय. ते तसे आलेही, एकेक पास टाकत. शेवटी जॉन्सनने टाइट एंड जॉन बोमनला पास दिला, त्याच्यापुढे रस्ता मोकळा होता, आणि हा पठ्ठ्या तीन यार्डांवर घसरून पडला. नाही घसरला असता तर टचडाउन झालं असतं, मी हा ब्लॉग लिहिला नसता आणि आमचा मिझुरीवाला सुखाने सँडविच खाल्ला असता.

तीन यार्ड बाकी, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ, फर्स्ट डाउन. आता माझ्याबरोबर मोजा.

पहिला. जॉन्सनने बॉल आपटला, घड्याळ थांबलं.

दुसरा. एरिक बिएनेमीला बॉल दिला, तो सरळ गर्दीत घुसला आणि एक यार्ड अलीकडे अडवला गेला. कोलोराडोने टाइमआउट घेतला, शेवटचा होता तो. १८ सेकंद. आणि इथे, या टाइमआउटमध्ये, काठीवरचा आकडा दोनवरून तीनवर जायला पाहिजे होता. तो गेला नाही. मॅकार्टनी आणि रेफ्री जे. सी. लाउडरबॅक यांचं काहीतरी बोलणं चाललंय, खेळाडू पाणी पितायत, पब्लिक ओरडतंय, आणि काठीवर २ तसाच. मी व्हिडिओ इथे चार-पाच वेळा मागेपुढे करून बघितला. काहीच होत नाही. हेच तर आहे, काहीच होत नाही.

तिसरा, म्हणजे काठीच्या हिशोबाने दुसरा. परत बिएनेमी, परत ढीग, परत अडवला. घड्याळ पळतंय, कोलोराडोकडे टाइमआउट नाही, मिझुरीची पोरं ढिगातून उठायला जरा जास्तच वेळ घेतायत. रेफ्रीने आठ सेकंदांवर स्वतःच घड्याळ थांबवलं, ढीग सोडवायला. यावरही मिझुरीवाले चिडतात पण मला ते बरोबर वाटतं.

चौथा, म्हणजे काठीवर ३. घड्याळ सुरू झालं आणि जॉन्सनने बॉल आपटला. दोन सेकंद. इथे मॅच संपली होती. चौथ्या डाउनला बॉल आपटलात तर बॉल समोरच्याचा, मिझुरीने एकदा गुडघा टेकून वेळ संपवला असता की खेळ खल्लास.

पाचवा. काठीवर ४. जॉन्सन स्वतः बॉल घेऊन उजवीकडे घुसला, गोललाइनवर आडवा झाला, आणि बॉल रेषेच्या पलीकडे गेला की नाही हे देवाला माहीत. मिझुरीच्या पब्लिकला वाटलं अडवला, ते मैदानात धावत सुटले. तिकडे टचडाउनची खूण झाली. मग मैदानावर नुसता गोंधळ, रेफ्री लोकांची बराच वेळ कुजबुज, आणि शेवटी टचडाउन कायम. त्यानंतरच्या जादा पॉइंटला कोलोराडोने किक मारलीच नाही, नुसता गुडघा टेकला, कारण किक अडवून मिझुरीने पार दुसऱ्या टोकाला पळवली असती तर त्यांना दोन पॉइंट मिळून बरोबरी झाली असती. ३३-३१. फायनल.

क्रिकेटमध्ये अंपायरने सातवा चेंडू टाकायला लावला आणि त्यावर सिक्स गेली तर आपण काय करू? शिव्या घालू आणि आठवड्यात विसरू. इथे मात्र त्या सातव्या चेंडूवर अख्खा वर्ल्ड कप अडकलेला आहे.

आता माझं मत. ऑफिसात मी हे बोललो नाही, मला तिथे अजून नोकरी करायचीय. कोलोराडोने चोरी केली असं मला वाटत नाही. त्यांना काठीवर ३ दिसत होता म्हणून त्यांनी बॉल आपटला. काठीवर ४ दिसला असता तर जगातला कुठलाही क्वार्टरबॅक तिथे बॉल आपटणार नाही, तो काहीतरी करून गोललाइनकडे जायचा प्रयत्न करेल, आणि आठ सेकंदात एक यार्ड जाणं काही अशक्य नाही. म्हणजे चुकीच्या आकड्याने त्यांना एक डाउन फुकट दिला हे खरं, पण त्याच चुकीच्या आकड्याने त्यांच्याकडून एक डाउन वायाही घालवून घेतला. हे मिझुरीवाल्याला सांगितलं तर तो म्हणेल की आकडा लक्षात ठेवायचं काम कोलोराडोच्या कोचचं पण होतं. ते पण खरंय. तो म्हणतो तो स्वतः त्या दिवशी स्टँडमध्ये होता, कॉलेजात होता तेव्हा, आणि त्याने मोजलं होतं आणि आजूबाजूचे सगळे 'फिफ्थ, फिफ्थ' ओरडत होते. असेलही. पण अशा प्रसंगांनंतर सगळेच म्हणतात आम्ही मोजलं होतं.

मला खटकतं ते मॅचनंतरचं. या दोन्ही टीम ज्या गटात खेळायच्या त्या बिग एट कॉन्फरन्सने रेफ्री मंडळींना बेमुदत घरी बसवलं, चूक मान्य केली, पण निकाल बदलला नाही कारण मॅच संपल्यावर अशी चूक दुरुस्त करायची तरतूदच नव्हती. मग प्रश्न आला मॅकार्टनीकडे, की तू स्वतःहून मॅच सोडणार का? आणि हा माणूस मैदानाबद्दल बोलायला लागला. टर्फ कसलं होतं, आमची पोरं कशी घसरत होती, हे मैदान खेळायच्या लायकीचं नव्हतं, वगैरे. अरे बाबा, घसरली ना पोरं, मान्य, बोमन घसरला हे सगळ्यांनी बघितलं, पण तुला विचारलंय काय आणि तू सांगतोयस काय! आणि हा मॅकार्टनी स्वतः मिझुरीकडून खेळलेला, बरं का. त्याच कॉलेजचा माजी खेळाडू. आणि त्याच १९९० मध्ये त्याने प्रॉमिस कीपर्स नावाची पुरुषांसाठीची ख्रिस्ती संघटना सुरू केली, वचन पाळा, सचोटीने वागा असं सांगणारी. या गोष्टीवरून लोकांनी त्याला किती टोमणे मारले असतील याचा अंदाज करा. १९९८ मध्ये मिझुरीत बोलताना त्याने त्या प्रकाराबद्दल मनापासून खेद वाटतो असं जाहीरपणे सांगितलं. आठ वर्षं लागली, पण सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत तो गेला तेव्हा प्रत्येक मृत्युलेखात पाचवा डाउन होताच.

खटकायचं कारण असं की हे असं आधी एकदा घडलेलं होतं आणि तेव्हा वेगळं झालं होतं. १६ नोव्हेंबर १९४०, कॉर्नेल विरुद्ध डार्टमथ. कॉर्नेलची टीम बराच काळ न हरलेली, डार्टमथ ३-० ने पुढे, शेवटच्या सेकंदांत कॉर्नेलने टचडाउन मारून ७-३ ने मॅच जिंकली. रेफ्रीचं नाव रेड फ्रीझेल. नंतर फिल्म बघितली तर ते टचडाउन पाचव्या डाउनवरचं. फ्रीझेलने चूक कबूल केली आणि कॉर्नेलने डार्टमथला तार करून कळवलं की मॅच तुमची. निकाल अजूनही ३-० डार्टमथ असाच लिहिला जातो. आता कॉर्नेलचं पुढे फारसं काही अडलेलं नव्हतं आणि १९९० मधल्या कोलोराडोचं फार अडलेलं होतं, पैसा, बोल, टीव्ही, सगळंच वेगळं, हे मला कळतं. तरी तार ती तार.

बरं, यात एक पक्ष असा आहे ज्याला कुणी विचारत नाही, तो म्हणजे जॉर्जिया टेक. त्यांची चूक एवढीच की त्यांच्या सीझनमध्ये तमाशा कमी होता. बॉबी रॉस नावाचा कोच १९८७ मध्ये आला, पहिल्या वर्षी दोन मॅच जिंकला, दुसऱ्या वर्षी तीन. १९९० मध्ये एकही हरला नाही. अकरा जिंकल्या, एक बरोबरी, ती नॉर्थ कॅरोलायनाशी १३-१३. त्यांची मोठी मॅच ३ नोव्हेंबरला शार्लट्सव्हिलमध्ये, एक नंबरवर बसलेल्या व्हर्जिनियाच्या घरी. आणि तमाशा कमी म्हणालो पण या मॅचच्या आदल्या रात्री कुणीतरी स्टेडियममध्ये घुसून कृत्रिम टर्फचा एक तुकडा जाळला होता! खरंच. मग बेसबॉलच्या मैदानावरून टर्फ आणून तिथे ठिगळ लावलं आणि दुपारी मॅच झाली. (त्या सीझनला टर्फने झपाटलेलं होतं, दुसरं काय.) हाफटाइमला व्हर्जिनिया २८-१४ ने पुढे. तिथून टेकचा क्वार्टरबॅक शॉन जोन्स एकेक करत टीमला परत घेऊन आला, ३८-३८, आणि सात सेकंद उरले असताना स्कॉट सिसनने ३७ यार्डांवरून फील्ड गोल मारला. ४१-३८. मला विचाराल तर त्या वर्षीची सगळ्यात सुंदर मॅच ही. कुणी रडलं नाही, कुणी रेफ्रीला शिव्या घातल्या नाहीत, आणि म्हणूनच बहुतेक ही कमी लोकांना आठवते.

त्याच दिवशी, त्याच ३ नोव्हेंबरला, कोलोराडो नेब्रास्कामध्ये १२-० ने मागे होती आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये बिएनेमीने, ज्याच्या हातून त्या दिवशी बॉल सुटत होता, चार टचडाउन मारले. २७-१२. म्हणजे कोलोराडो नुसती नशिबावर आली असं म्हणणाऱ्यांनी हा क्वार्टर बघावा.

मग १ जानेवारी १९९१. ऑर्लँडोला सिट्रस बोलमध्ये टेकने त्याच नेब्रास्काला ४५-२१ ने धुतलं. आणि मायामीत ऑरेंज बोलमध्ये कोलोराडो परत नोटर डेमसमोर. हेगन पुन्हा जखमी होऊन बाहेर, पुन्हा चार्ल्स जॉन्सन आत, आणि हाच जॉन्सन मॅचचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नोटर डेमने टचडाउन मारलं पण जादा पॉइंटची किक रॉनी ब्रॅडफर्डने अडवली, आणि तोच एक पॉइंट शेवटपर्यंत राहिला, १०-९. शेवटच्या मिनिटाच्या आसपास कोलोराडोने पंट मारला, म्हणजे बॉल लांब लाथाडून समोरच्याला दिला. आता समोर नोटर डेमचा रघिब 'रॉकेट' इस्माइल उभा असताना त्याच्याकडे बॉल मारायचा नाही, बाहेर मारायचा, हे लहान पोरालाही कळतं. बॉल गेला त्याच्याकडेच. आणि तो सुटला, ९१ यार्ड, एकेकाला चुकवत, पार गोललाइनपलीकडे. सगळं स्टेडियम उभं. आणि मागे मैदानात एक पिवळा रुमाल पडलेला. नोटर डेमच्या एका खेळाडूने मागून धक्का दिला म्हणून फाउल, टचडाउन रद्द.

मी ते पण मागेपुढे करून बघितलं. धक्का होता. किती होता यावर लोक भांडतात. पण बघा, ऑक्टोबरमध्ये एका रेफ्री मंडळाचं लक्ष नव्हतं म्हणून कोलोराडो वाचली आणि जानेवारीत दुसऱ्या मंडळातल्या एकाचं फारच बारीक लक्ष होतं म्हणून परत वाचली. नशीब असावं तर असं.

मग मतदान. पत्रकारांनी कोलोराडोला पहिला नंबर दिला, अकरा जिंकल्या, एक हरली, एक बरोबरी. कोच लोकांच्या मतदानात जॉर्जिया टेक ८४७ पॉइंट, कोलोराडो ८४६.

एक पॉइंट!

या एका पॉइंटवर मी कागद घेऊन बसलो होतो. समजा एका कोचने टेकला पहिलं आणि कोलोराडोला दुसरं लिहिलंय. त्याने नुसती ती दोन नावं अदलाबदल केली असती तर टेकचा एक कमी, कोलोराडोचा एक जास्त, म्हणजे ८४६ आणि ८४७. बरोबर आरशातल्यासारखं उलटं, आणि मग दोन्ही मतदानांत कोलोराडो, वाद संपला. कुठल्यातरी एका कोचने त्या रात्री पेन उचलून दोन नावं लिहिली आणि त्या क्रमावर हे सगळं अडलं. कुणी काय मत दिलं हे तेव्हा गुप्त असायचं. माझी खात्री आहे की त्यात पाचव्या डाउनचा राग मनात धरून लिहिलेली काही मतं असणार, आणि मला ते अजिबात चुकीचं वाटत नाही. निकाल बदलायची तरतूद नव्हती, पण मत द्यायची होती ना. गंमत म्हणजे यूपीआयचं हे कोच लोकांचं शेवटचं मतदान, पुढच्या वर्षीपासून ते काम दुसरीकडे गेलं. चाळीस वर्षं मतदान घेतलं आणि जाता जाता एका पॉइंटने अख्ख्या देशाला भांडायला लावून गेले.

पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, परत दोन चॅम्पियन, मायामी आणि वॉशिंग्टन. मग लोक वैतागले आणि एक आणि दोन नंबरला समोरासमोर आणायच्या वेगवेगळ्या योजना निघाल्या, बोल कोअलिशन, बोल अलायन्स, १९९८ पासून बीसीएस. तरी १९९७ ला मिशिगन आणि नेब्रास्का, आणि २००३ ला तर बीसीएस असूनही एलएसयू आणि यूएससी. शेवटी २०१४ ला चार टीमचा प्लेऑफ आणि २०२४ पासून बारांचा. आता चॅम्पियन एकच असतो आणि वाद असतो तो बाराव्या आणि तेराव्या नंबरवर, जो मला खरं सांगायचं तर फार कंटाळवाणा वाटतो.

मला १९९० चा निकाल आवडतो. हो, दोन चॅम्पियन. एक टीम जी हरली नाही पण जिचं वेळापत्रक त्या मानाने सोपं, आणि एक टीम जी हरली, बरोबरीत अडकली, पाचव्या डाउनवर वाचली, पण जी त्या वर्षी कुणाशीही खेळायला घाबरली नाही. यातली एक निवडा म्हटलं तर मी टेकला मत देईन, कारण शून्य म्हणजे शून्य. पण कोलोराडोवाल्यांना त्यांची ट्रॉफी परत करा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोघांच्याही भिंतीवर १९९० लिहिलेलं आहे आणि राहू दे. आमच्या मिझुरीवाल्याला हे मत अर्थातच मान्य नाही, त्याच्या मते चॅम्पियन एकच आणि तो अटलांटामध्ये, म्हणजे टेकच्या गावी आहे.

बाय द वे, या दोन टीम एकमेकांशी कधी खेळल्याच नव्हत्या. १९९० मध्ये नाही, त्याआधी नाही, नंतर पण नाही. शेवटी २९ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे पस्तीस वर्षांनी, सीझनच्या पहिल्याच मॅचला टेक कोलोराडोच्या गावी, बोल्डरला आली. खेळणाऱ्यांपैकी एकाचाही १९९० मध्ये जन्म झालेला नव्हता. २०-२० असताना शेवटच्या मिनिटांत टेकचा क्वार्टरबॅक हेन्स किंग स्वतः बॉल घेऊन सुटला आणि ४५ यार्ड पळत टचडाउन. २७-२०.

मिझुरीवाल्याचा रात्रीच मेसेज आला. शब्द एकही नाही, नुसता हाताचा फोटो, चार बोटं आणि अंगठा आत दुमडलेला.